हात वर केलेली बाई

भात कापून झाल्याची बातमी मला शेतावरून कळत नाही, मोबाईलवर कळते. दिवाळी उरकून फराळाच्या डब्याच्या तळाशी नुसता चुरा उरला की एक दिवस भोईरकाका क्लबच्या ग्रुपवर फोटो टाकतात. खडवलीचं त्यांचं मोकळं खाचर, पिवळी धसकटं, बांधाला टेकवलेले बांबू, आणि खाली ओळ, "शेत मोकला झाला. या आता." यंदाही आला तो फोटो. मी तेव्हा कंपनीत होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा रंगांचा कारखाना आहे, तिथल्या लॅबमध्ये मी शेड तपासते. एका निळ्याचं मॅचिंग सकाळपासून बसत नव्हतं. फोटो पाहिला, मोबाईल उलटा ठेवला आणि पुन्हा निळ्याकडे वळले. संध्याकाळपर्यंत तो निळा काही बसला नाही.

भोईरकाका आमच्या ठाण्याच्या नेमबाजी क्लबचे जुने सभासद. जमिनीचे मालक आहेत, गावात दोन मजली घर आहे, तरी भात लावतात ते केवळ हौसेने. कापणी झाली की ते खाचर आम्हाला देतात आणि तिथे वर्षातली एकच 'प्रॅक्टिकल मॅच' होते. एरवी रेंजवर आम्ही सरळ उभं राहून कागदावरच्या गोल ठिपक्यावर नेम धरतो. ते देवपूजेसारखं शांत काम. खडवलीत तसं नसतं. तिथे बांबू, गोणपाटं आणि भंगारातले दरवाजे वापरून घर उभं करतात, सोसायटीचं पार्किंग उभं करतात, आणि त्यात पुठ्ठ्याची माणसं ठेवतात. कुणाच्या हातात सुरा, कुणाच्या हातात नुसता मोबाईल, कुणी हात वर करून उभा. आपण आडोसा न सोडता पुढे जायचं, आणि मारायचं त्यालाच मारायचं. पिस्तूल छर्ऱ्याचं असतं, लायसन लागत नाही, तरी डोळे जपणारा चष्मा लावल्याशिवाय आमचे शिकवणारे सर कुणाला दोरीच्या आत घेत नाहीत.

पन्नाशीत बाईमाणसाला पिस्तूल कशाला, असं मला नणंदेने विचारलं होतं. मी म्हटलं, मग काय भिशी लावू? भिशीत याहून जास्त मारामाऱ्या होतात. नणंद आमच्या सोसायटीची भिशी चालवते, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

खरं तर सुरुवात मेधामुळे झाली. मेधा माझी मैत्रीण. आधी आमच्याच बिल्डिंगमध्ये, समोरच्या दारात राहायची. तिचं पोर माझ्याकडे जेवायचं, माझी मुलगी तिच्याकडे झोपायची, आणि आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये आम्ही एकत्र पापड वाळत घालायचो. मग तिने वर्तकनगरला घर घेतलं, तरी आठवड्यातून एकदा भेट ठरलेली. एका संध्याकाळी तिच्याकडून निघताना ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, आणि बाईकवरून आलेल्या एकाने तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं. मानेवर लाल वळ उठला. त्यानंतर मेधा घराबाहेर पडेनाशी झाली. दूध आणायला नवरा, भाजी आणायला नवरा. मागून स्कूटर आली तरी ती भिंतीला चिकटायची. मला ते बघवेना. क्लबचा बोर्ड मीच पाहिला, तिला हाताला धरून मीच नेलं, आणि ती एकटी घाबरेल म्हणून माझंही नाव मीच घातलं.

पहिले काही महिने तिचा हात असा थरथरायचा की छर्रा टार्गेटवर सोडून भिंतीवर जायचा. मी तिच्या मागे उभी राहायची. "श्वास सोड गं. सोडलास? आता हळू दाब. घाई नाही." ती दाबायची. कागदाच्या कडेला का होईना, भोक पडलं की मागे वळून हसायची. त्या हसण्यासाठी मी डोंबिवलीहून ठाण्याला जायची, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट मजा वाटायची. माणूस आपल्या डोळ्यांदेखत धीट होताना बघायला मिळणं ही सोपी गोष्ट नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या कापणीनंतरचे रविवार मला अजून अंगावर आठवतात. सरावासाठी आम्ही कल्याणला भेटून कसाऱ्याकडची गाडी पकडायचो. खडवलीला उतरलं की आधी थंडी लागायची, मग नदीचा वास यायचा, मग कुठेतरी पेंढा जाळल्याचा. धसकटं चपलेतून टोचायची. भोईरकाकू चुलीवरचा काळा चहा पाठवायच्या आणि मागोमाग स्वतः यायच्या, कमरेवर हात ठेवून आमचा खेळ बघायला. "काय गो बाय, आज कोनाला मारताव?" असं विचारायच्या आणि स्वतःच हसायच्या. बांधावर वालाचा वेल नुकता वर चढत होता. आम्ही गुडघ्याला माती लावून, पुठ्ठ्याच्या चोरांवर नेम धरून, दुपारी उन्हात पाय पसरून बसायचो. बायकांना असं नुसतं पाय पसरून बसायला मिळतं कुठे?

सर लष्करातून निवृत्त झालेले. बोलायचे कमी, पण जे बोलायचे ते डोक्यात बसायचं. आडोशाला चिकटू नका, हातभर मागे राहा, म्हणजे जास्त दिसतं. पळताना मारू नका. घाईत मारलेला पहिला छर्रा नेहमी वाया जातो. आणि समोरच्याचा चेहरा बघू नका, हात बघा, कारण चेहरा काहीही सांगतो. मी हे सगळं लॅबमध्ये, बाजारात, नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा करून बघायची. लग्नात फार उपयोग होतो. आहेराच्या वेळी कोण काय करतंय ते हातावरूनच कळतं.

त्या मॅचमधून राज्याच्या स्पर्धेसाठी क्लबचा संघ निवडायचा होता. संघात बाईची जागा एकच. खडवलीत जी बाई पुढे राहील ती जाणार, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. मला ती जागा हवी होती. सांगायला लाजत नाही, मला ती फार हवी होती. आयुष्यात मी कुठल्या संघात नव्हते. शाळेत खो-खोला मला राखीव म्हणून बसवायचे, मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या चपला सांभाळायला. लग्नानंतर घरातही थोडंफार तेच. पहिल्यांदा एक गोष्ट अशी आली होती जी मला जमत होती आणि जिच्यासाठी कुणी मला बोलावणार होतं. घरी आमच्या ह्यांनी तर शेजाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं. मेधाला हे सगळं माहीत होतं. तिनेच मला नवीन बूट घ्यायला लावले होते.

शेवटच्या टप्प्याला सरांनी गोष्ट वाचून दाखवली. प्रत्येक टप्प्याला एक गोष्ट असते. तुम्ही बाजारातून घरी आलात, दार उघडं आहे, आत तुमची शेजारीण हात वर करून उभी आहे आणि तिच्या आजूबाजूला दोन चोर आहेत. शेजारणीचा पुठ्ठा भोईरकाकूंनी सजवला होता. जुन्या साडीचा तुकडा नेसवला होता, कपाळावर खरी टिकली लावली होती. "हिला नका मारू गो कोनी," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, तरी निम्म्या लोकांनी मारलंच होतं. तिला छर्रा लागला की एवढे गुण जायचे की बाकी सगळं अचूक मारूनही काही उपयोग नाही. दुपारपर्यंत बिचारीच्या अंगावर ठिगळंच ठिगळं झाली होती.

ठिगळांचं सांगायला हवं. एकाचं मारून झालं की सर पुठ्ठ्यांवरची भोकं मोजतात, आणि मग ज्याचा खेळ संपलाय असा कुणीतरी त्या भोकांवर खाकी चिकटपट्टीचे तुकडे लावतो, म्हणजे पुढच्याची भोकं नवीन दिसावीत. एखाद्या भोकाबद्दल शंका आली तर ठिगळ लावणाऱ्याला विचारायचं, आणि त्याचा शब्द शेवटचा. हा आमच्या क्लबचा रिवाज. मोठ्या स्पर्धांत दोन-दोन पंच असतात म्हणे. आमच्यात ती पद्धत कुणी आणलीच नाही. सगळी आपलीच माणसं, आपल्यात कोण खोटं बोलणार, अशा विश्वासावर ते चाललेलं. असा विश्वास ठेवणारी माणसं मूर्ख असतात असं मी म्हणणार नाही. पण आम्ही होतो.

आधी मेधाने मारलं. मग कल्याणच्या एका दाताच्या डॉक्टरांनी. त्यांचा एक छर्रा शेजारणीला लागला आणि सगळे हसले, तेही हसले. त्यानंतर माझी पाळी. तोपर्यंत गुणांत मी पुढे होते आणि माझ्यामागे मेधा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठिगळं लावायला मेधा आत गेली. खेळाडूने सुरुवातीला पुठ्ठ्यांकडे पाठ करून उभं राहायचं असतं, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं, फक्त चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता. मग ती बाहेर आली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "मस्त मार."

मी मारलंही मस्त. शिट्टी झाली, वळले, दाराच्या चौकटीपासून हातभर मागे राहिले. पहिल्या चोराचा हात दिसला, सुरा दिसला, दोन छर्रे मारले. मग सरकले, दुसऱ्याचा हात शेजारणीच्या खांद्यामागून दिसत होता, थांबले, श्वास सोडला, पुन्हा दोन मारले. इतकं स्वच्छ मी त्याआधी कधी मारलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. पिस्तूल रिकामं करून सरांना दाखवलं तेव्हा माझा हात अगदी स्थिर होता.

सर, डॉक्टर, मेधा आणि मी भोकं बघायला आत गेलो. माझ्या चार छर्ऱ्यांपैकी एकाचं भोक चोरांवर सापडेना, आधीच्याच भोकातून मागच्या गोणपाटात गेला असावा. आणि सर म्हणाले, "शेजारीण. खांद्यावर एक."

"सर, मी तिच्यावर मारलं नाही," मी म्हटलं. "तिच्याकडे नळीच वळवली नाही मी."

सर वाकून त्या भोकाकडे बघत राहिले. "डॉक्टर, तुमचं एक होतं ना हिच्यावर?"

"होतं की," डॉक्टर म्हणाले. "पण नेमकं कुठे ते आता नाही आठवत बुवा."

मग सर मेधाकडे वळले. "मॅडम, डॉक्टरांचं बुजवलं होतं का तुम्ही?"

मेधाने हातातल्या चिकटपट्टीच्या रिळाकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते, अगदी निर्धास्त. ती आता म्हणेल, अय्या, राहिलंच की सर, आणि आम्ही हसू, असं मला वाटत होतं.

"हो सर," ती म्हणाली. "सगळी बुजवली होती."

बाकीच्या ठिगळांत डॉक्टरांचं कुठलं ते सांगायला काही मार्गच नव्हता. सरांनी मला विचारलं, मान्य? मी म्हटलं, मान्य. दुसरं काय म्हणणार? रिवाज तसा होता, आणि तिथे सगळ्यांसमोर मेधाला खोटारडी म्हणायला माझी जीभ उचलली नाही. दुपारी भोईरकाकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी वाढली. घास तोंडात नुसता फिरत राहिला. "जेव गो, पुठ्ठाच हाय तो," काकू म्हणाल्या. मेधा माझ्याच शेजारी बसली होती आणि तिने चटणी दोनदा मागून घेतली. परतताना ती सबंध वाट मुलाच्या नोकरीबद्दल बोलत राहिली. कल्याणला उतरताना म्हणाली, "बॅड लक गं, शुभे." आणि माझ्या हाताला हलकं दाबलं.

राज्याच्या स्पर्धेला मेधा गेली. क्लबचा नवीन टी-शर्ट घालून काढलेला तिचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मी अंगठा टाकला. अंगठा टाकायला एक क्षण लागतो. तो टाकण्याआधी मी किती वेळ तो फोटो बघत बसले ते कुणाला दिसत नाही, हे एक बरं आहे.

माणूस केसाने गळा कापतो म्हणतात ते काय, ते मला तेव्हा कळलं. कापताना दुखतच नाही. दुखतं ते नंतर, भांडी घासताना, लॅबमध्ये दोन काचांवरचे रंग शेजारी धरताना, रस्त्यात कुणी आपल्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून चाललेली दिसली की. आणि तक्रार करायची सोय नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, चुकून राहिलं असेल तिच्याकडून. एवढीशी भोकं ती." मुलीला फोनवर सांगितलं, तीही म्हणाली, चुकून. तो शब्द सगळ्यांनी माझ्या हातात ठेवला आणि मीही घट्ट धरला. चुकून राहिलं असेल. तिला खरंच वाटलं असेल की सगळी बुजवली. मेधा जवळचा चष्मा लावायला आळस करते, हे मला माहीत आहे. दोन वर्षं मी त्या 'चुकून'वर काढली. रेंजवर मी वेगळ्या वारी जायला लागले, तिच्या दिवशी नाही. आठवड्याची भेट महिन्यावर गेली, मग सणावारावर. तिचा फोन आला की मी कामात आहे सांगायची आणि ती म्हणायची, "तुझं काम काही संपत नाही बाई." इतकं साधं बोलायची की माझाच मला संशय यायचा. आपणच कोत्या मनाच्या आहोत का, एका पुठ्ठ्याच्या बाईसाठी एवढी जुनी मैत्री टाकणाऱ्या?

मला राग कशाचा होता ते मला नीट कळत होतं. जागा गेली त्याचा होता, नाही म्हणणार नाही. पण त्याहून जास्त याचा, की ती 'हो सर' म्हणाली तेव्हा मी निर्धास्त होते. त्या रानात, तेवढ्या माणसांत, जिचे हात मी बघतसुद्धा नव्हते इतका भरवसा होता ती एकटी मेधा. बाकी कुणी खोटं बोललं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. आता दुकानदार सुटे पैसे देतो ते मी दोनदा बघते. ऑफिसात कुणी 'मॅडम, मी तपासलंय' म्हणालं की मी पुन्हा तपासते. हे शहाणपण म्हणे. असलं शहाणपण मला नको होतं.

परवा शनिवारी मेधा आली. न सांगता. वर्तकनगरहून डोंबिवलीपर्यंत, हातात वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. जरा वाळलेली दिसली. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली, पूर्वी बसायची तशीच, आणि शेंगा सोलायला लागली.

"भोईरकाकांचा फोटो बघितलास ना?" ती म्हणाली. "यंदा ये गं मॅचला. तू नसलीस की मला तिथे करमत नाही."

मी गॅस बारीक केला. कसं विचारायचं याची दोन वर्षं मनात तयारी केली होती, त्यातलं काही आठवलं नाही.

"मेधा, ते भोक राहिलं होतं, की तू ठेवलं होतंस?"

कुठलं भोक, असं तिने विचारलं नाही. हातातली शेंग तशीच धरून बसली.

"राहिलं होतं," ती म्हणाली. "देवाशपथ. घाईत राहिलं."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. डोळ्यांत पाणी आलं, तिला दिसू नये म्हणून मी कपाटातून कप काढायला वळले. दोन वर्षं उगाच, असं माझ्या मनात आलं, आणि पाठीमागून तिचा आवाज आला.

"सरांनी विचारलं तेव्हा दिसलं मला ते."

मी कप ओट्यावर ठेवले. "मग?"

"मग काय. हो म्हटलं."

"तुला जायचं होतं तर मला सांगायचंस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एका शब्दाने मागायचीस. मी दिली नसती जागा?"

"दिली असतीस. माहितीय मला. म्हणूनच नाही मागितली." ती शेंगांकडे बघूनच बोलत होती. "किती घ्यायचं गं तुझ्याकडून? पोर लहान होतं तेव्हा तू. मंगळसूत्र गेलं तेव्हा तू. क्लबात नेलंस तू, मागे उभी राहिलीस तू. सगळ्यांना सांगायचीस, मेधाला मी उभी केली. एक तरी गोष्ट मला माझी म्हणून हवी होती."

ती रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला कितीदा रडताना पाहिलंय, आणि दर वेळी पदराने तिचे डोळे पुसलेत. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, मी सांगायची तसं सगळ्यांना, अभिमानाने सांगायची. ती आतल्या आत त्यावरून कुढत होती हे मला कधी दिसलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

"मग ती जी घेतलीस," मी विचारलं, "ती कुणाची होती?"

तिने सोललेले दाणे एका वाटीत भरले, सालं कागदात गुंडाळली, आणि चहा न घेताच उठली. दाराशी खाली बसून सँडल घालायला लागली. तिची कंबर हल्ली धरते, पट्टा काही लागेना. दोनदा सुटला. एरवी मी वाकून लावून दिला असता आणि वर दोन शब्द ऐकवले असते.

मी दाराला धरून उभी राहिले. तिसऱ्यांदा तिचा तिने लावला.